छायाचित्रण स्पर्धांतील प्रतिमा-वापराचे अधिकार

छायाचित्रण स्पर्धांतील प्रतिमा-वापराचे अधिकार म्हणजे स्पर्धेसाठी पाठविलेल्या छायाचित्राचा वापर कोणी, कोठे, किती काळ आणि कोणत्या हेतूने करावयाचा, हे ठरविणारे कायदेशीर अधिकार होत. स्पर्धेत प्रवेशिका दाखल करणे हा केवळ कलाव्यवहार नसून तो छायाचित्रकार व आयोजक यांच्यातील एक करारही असतो. स्पर्धेची नियमावली हीच या कराराची संहिता असते. प्रवेशिका भरताना 'नियम व अटी मान्य आहेत' या चौकटीवर खूण केली की हा करार अस्तित्वात येतो.

नियमावलीतील एखाद्या वाक्यामुळे आयोजकाला केवळ निकाल जाहीर करण्यापुरता वापर मिळू शकतो, किंवा छायाचित्र कायमचे आयोजकाच्या मालकीचेही होऊ शकते. त्यामुळे परवाना, अभिहस्तांकन आणि नैतिक अधिकार या तीन संकल्पनांतील भेद हा या विषयाचा गाभा मानला जातो.

मूलभूत संकल्पना

प्रताधिकार

छायाचित्र ही कायद्याच्या दृष्टीने कलाकृती आहे. भारतातील प्रताधिकार अधिनियम, १९५७ (अंमल २१ जानेवारी १९५८ पासून) याच्या कलम २ मध्ये कलाकृतीच्या व्याख्येत छायाचित्राचा स्पष्ट उल्लेख असून, छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ता समजली जाते. मूळ छायाचित्र काढले जाताच प्रताधिकार आपोआप निर्माण होतो. नोंदणीची सोय कायद्यात आहे, परंतु ती ऐच्छिक आहे. नोंदणी न केल्याने हक्क नष्ट होत नाही.

कलम १४ नुसार प्रताधिकारधारकाला छायाचित्राच्या प्रती काढणे, त्या लोकांना देणे, ते लोकांपर्यंत पोहोचविणे, चित्रपटात समाविष्ट करणे आणि त्याचे रूपांतर करणे असे अनेक अधिकार असतात. हे अधिकार एकत्रितपणे अथवा वेगवेगळे देता येतात. दिनदर्शिकेत छापण्याचा अधिकार एकाला, तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरण्याचा दुसऱ्याला, अशी विभागणी करता येते.

छापील प्रतीची मालकी आणि प्रताधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनासाठी दिलेली चौकटबंद प्रत आयोजकाने परत न करता स्वतःकडे ठेवली, तरी तेवढ्यावरून त्या छायाचित्राच्या आणखी प्रती काढण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

परवाना व अभिहस्तांकन

परवाना म्हणजे मालकी स्वतःकडे ठेवून दुसऱ्याला वापराची दिलेली अनुमती. अभिहस्तांकन म्हणजे अधिकाराची मालकीच दुसऱ्याच्या नावे करणे. घर भाड्याने देणे आणि घर विकणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. परवाना दोन प्रकारचा असतो. अनन्य परवान्यात ठरलेला वापर केवळ परवानाधारकच करू शकतो, आणि खुद्द छायाचित्रकारालाही तसा वापर करता येत नाही. अनन्य नसलेल्या परवान्यात छायाचित्रकार स्वतः ते छायाचित्र वापरू शकतो आणि इतरांनाही परवाने देऊ शकतो.

नैतिक अधिकार

आपल्या कृतीला आपले नाव लागावे आणि तिचे विद्रूपीकरण होऊ नये, हे कर्त्याचे दोन अधिकार नैतिक अधिकार म्हणून ओळखले जातात. भारतीय कायद्यात ते कलम ५७ मध्ये आहेत. प्रताधिकाराचे अभिहस्तांकन झाल्यानंतरही हे अधिकार कर्त्याकडे राहतात, असे या कलमात म्हटले आहे. विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागताना मात्र त्यामुळे कर्त्याची प्रतिष्ठा किंवा लौकिक यांना बाधा येत असल्याचे दाखवावे लागते. कृती प्रदर्शित न करणे, अथवा कर्त्याच्या मनाजोगी प्रदर्शित न करणे, हा या अधिकाराचा भंग समजला जात नाही.

नियमावलीत आढळणाऱ्या अटी

स्पर्धांच्या नियमावल्यांतील वापरविषयक अटी सामान्यतः पुढील प्रकारच्या असतात.

१. स्पर्धेपुरता मर्यादित परवाना : निकाल जाहीर करणे, प्रदर्शन भरविणे, प्रदर्शनाची पुस्तिका छापणे आणि पुढील वर्षीच्या स्पर्धेची प्रसिद्धी करणे, एवढ्यासाठीच अनुमती. छायाचित्रकाराचे नाव देण्याचे बंधन त्यात नमूद असते.

२. विजेत्या छायाचित्रांपुरता विस्तृत परवाना : पारितोषिकप्राप्त छायाचित्रे आयोजक संस्था आपल्या दिनदर्शिका, अहवाल, माहितीपत्रके व संकेतस्थळ यांवर वापरू शकते. पारितोषिक हाच या वापराचा मोबदला समजला जातो.

३. सर्व प्रवेशिकांना लागू होणारा विस्तृत परवाना : छायाचित्र निवडले जावो वा न जावो, आयोजकाला त्याच्या कायमस्वरूपी, जगभर आणि विनामोबदला वापराची अनुमती मिळते.

४. संपूर्ण अभिहस्तांकन : 'सर्व प्रवेशिकांचा प्रताधिकार आयोजकांकडे राहील' अशा शब्दांत ही अट येते. तिचा अंमल झाल्यास छायाचित्रकाराला आपलेच छायाचित्र अन्यत्र छापण्यासाठी आयोजकाची परवानगी घ्यावी लागू शकते.

५. मुक्त परवाना : छायाचित्र क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्याखाली सर्व जगाला वापरासाठी खुले करण्याची अट.

अटींची भाषा व तिचा अर्थ

'अपरिवर्तनीय' म्हणजे एकदा दिलेली अनुमती परत घेता येत नाही. 'उपपरवाना देण्यायोग्य' म्हणजे आयोजक ती अनुमती स्वतःहून तिसऱ्या पक्षाला देऊ शकतो. बँकेने भरविलेल्या स्पर्धेतील छायाचित्र तिच्या जाहिरात संस्थेच्या हाती जाते, ते याच शब्दांच्या आधारे. 'स्वामित्वधनमुक्त' म्हणजे प्रत्येक वापरागणिक मोबदला द्यावा लागत नाही. या शब्दाचा अर्थ 'प्रताधिकारमुक्त' असा होत नाही. 'सर्व माध्यमांत, सध्या ज्ञात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या' हा शब्दप्रयोग आज अस्तित्वात नसलेल्या माध्यमांवरही हक्क मिळविण्यासाठी केला जातो. 'बदल करण्याचा अधिकार' या शब्दांत छायाचित्र कातरणे, रंग बदलणे आणि त्यावर मजकूर अथवा बोधचिन्ह छापणे हे सर्व येऊ शकते.

'क्षतिपूर्ती' या शीर्षकाची अट पुष्कळदा नियमावलीच्या शेवटी असते. छायाचित्रावरून तिसऱ्या पक्षाने आयोजकावर दावा केल्यास त्याचा खर्च स्पर्धकाने सोसावा, असा तिचा आशय असतो. विस्तृत परवाना आणि अमर्याद क्षतिपूर्ती एकत्र आल्यास वापराचा लाभ आयोजकाला आणि जोखीम स्पर्धकाला, अशी वाटणी होते.

अलीकडच्या काही नियमावल्यांत छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी वापरली जातील किंवा जाणार नाहीत, याचाही उल्लेख असतो.

भारतीय कायद्यातील तरतुदी

पहिला मालक

सामान्य नियमानुसार कर्ताच प्रताधिकाराचा पहिला मालक असतो. कलम १७ मध्ये त्याला काही अपवाद आहेत. मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, काम सांगणारी व्यक्ती असते. लग्नसमारंभाचे छायाचित्रण करणाऱ्या व्यावसायिकाने वधूवरांचे छायाचित्र स्पर्धेला पाठवायचे ठरविले, तर त्याला ग्राहकाची अनुमती लागते, ती या तरतुदीमुळे.

नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक साधारणपणे नियोक्ता असतो. वृत्तपत्रात नोकरीस असलेल्या छायाचित्रकाराबाबत कायद्याने वेगळी व्यवस्था केली आहे. वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्यासाठी काढलेल्या छायाचित्राचा प्रसिद्धीपुरता अधिकार वृत्तपत्राच्या मालकाकडे, तर अन्य बाबतींतील अधिकार, विरुद्ध करार नसल्यास, छायाचित्रकाराकडे असतात. शासनाच्या निर्देशाने वा नियंत्रणाखाली तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, शासन असते.

अभिहस्तांकनाची रीत

कलम १९ नुसार अभिहस्तांकन लेखी असावे लागते आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची स्वाक्षरी लागते. कोणती कृती, कोणते अधिकार, किती काळ व कोणत्या प्रदेशासाठी, तसेच देय स्वामित्वधन अथवा अन्य मोबदला किती, यांचा उल्लेख दस्तऐवजात असावा लागतो. उल्लेख राहून गेल्यास कायदा स्वतःच मर्यादा घालतो :

* मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षे समजली जाते.
* प्रदेश नमूद नसेल, तर अधिकार भारतापुरता समजला जातो.
* मिळालेल्या अधिकाराचा वापर १ वर्षाच्या आत केला नाही, तर, दस्तऐवजात वेगळे म्हटलेले नसल्यास, तो अधिकार संपुष्टात येतो.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक संरक्षण आले. हस्तांतराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला, त्याचा विशेष उल्लेख असल्याखेरीज, ते हस्तांतर लागू होत नाही.

या मर्यादा केवळ नियमावली मौन असेल तेथेच उपयोगी पडतात. अटीतच 'कायमस्वरूपी' व 'जगभर' असे शब्द असतील, तर ५ वर्षांची आणि भारतापुरती अशी गृहीत मर्यादा लागू होत नाही.

परवान्याची रीत

कलम ३० नुसार परवानाही लेखी असावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी त्यावर स्वाक्षरी आवश्यक होती. त्यानंतर केवळ लेखी असणे पुरेसे झाले. कलम १९ मधील तरतुदी कलम ३०अ नुसार योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात.

संगणकीय अर्जाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला, एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही. त्यामुळे अर्जातील चौकटीवर खूण करून दिलेला परवाना ग्राह्य ठरण्यास फारशी अडचण येत नाही. अभिहस्तांकनाला मात्र स्वाक्षरी लागते, आणि केवळ चौकटीवरील खूण म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली स्वाक्षरी होय काय, हा स्वतंत्र वादाचा मुद्दा ठरू शकतो. तरीही तो वाद न्यायालयात मांडण्याचा भार छायाचित्रकारावर येत असल्याने, अट दाखल करतानाच वाचणे हा अधिक सोपा मार्ग होय.

अधिकाराची मुदत

पूर्वी छायाचित्राच्या प्रताधिकाराची मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षे इतकी होती. २०१२ च्या दुरुस्तीने कलम २५ वगळण्यात आले. ही दुरुस्ती २१ जून २०१२ पासून अमलात आली. तेव्हापासून अन्य कलाकृतींप्रमाणेच छायाचित्राचा प्रताधिकारही कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. 'प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द असलेली अट मान्य करणारा तरुण स्पर्धक म्हणूनच शंभराहून अधिक वर्षे चालू शकणारा हक्क देत असतो.

नैतिक अधिकारांविषयीचा निर्णय

अमरनाथ सेहगल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नैतिक अधिकारांची व्याप्ती स्पष्ट केली. दिल्लीच्या विज्ञान भवनातील सेहगल यांचे भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची हानी झाली होती. न्यायालयाने उरलेले अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. हा खटला शिल्पाविषयीचा असला, तरी ज्या कलम ५७ वर तो आधारलेला आहे, तेच कलम छायाचित्रांनाही लागू आहे.

अज्ञान स्पर्धक

शालेय स्पर्धांत १८ वर्षांखालील विद्यार्थी भाग घेतात. छायाचित्राचा कर्ता म्हणून अज्ञान व्यक्तीलाही प्रताधिकार मिळतो. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये असा करार मुळातच रद्दबातल असल्याचे ठरविले. म्हणून अशा स्पर्धांत पालकांची लेखी संमती घेतली जाते.

छायाचित्रातील विषयाचे अधिकार

छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराकडे असला, तरी चौकटीत आलेल्या व्यक्ती, कलाकृती व वास्तू यांचे स्वतंत्र अधिकार असू शकतात. 'छायाचित्रातील सर्व अनुमती घेतलेल्या आहेत' अशी हमी स्पर्धकाकडून घेतली जाते, तेव्हा हा विषय महत्त्वाचा ठरतो.

व्यक्ती

आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९९४) आणि न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार (२०१७) या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या अधिकाराला मान्यता दिली. दुसऱ्या निर्णयात तो मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट झाले. आषाढी वारीतील वारकरी, गणेशोत्सवातील ढोलवादक किंवा आठवडी बाजारातील विक्रेता यांचे सार्वजनिक ठिकाणी टिपलेले छायाचित्र प्रदर्शनात मांडणे आणि तेच छायाचित्र एखाद्या विमा योजनेच्या जाहिरातफलकावर छापणे, या दोहोंचे स्वरूप वेगळे आहे. दुसऱ्या प्रकारात ती व्यक्ती त्या उत्पादनाची पुरस्कर्ती असल्याचा भास होतो. त्यामुळे व्यापारी वापरासाठी चित्रित व्यक्तीचे लेखी संमतिपत्र घेण्याची प्रथा आहे. मुलांच्या बाबतीत ते पालकांकडून घेतले जाते.

नियमावलीत आयोजकाला जाहिरातीसाठी वापराची अनुमती असेल आणि छायाचित्रकाराकडे संमतिपत्र नसेल, तर चित्रित व्यक्तीच्या तक्रारीचा भार क्षतिपूर्तीच्या अटीमुळे छायाचित्रकारावर येऊ शकतो.

वास्तू, शिल्पे व भित्तिचित्रे

भारतीय कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पालाही हीच सवलत आहे. या सवलतीला सामान्यतः दृश्यस्वातंत्र्य म्हणतात. तिच्या दोन मर्यादा आहेत. एक, रंगचित्रांचा व रेखाचित्रांचा तिच्यात समावेश नाही. त्यामुळे शहरातील भिंतींवर अलीकडे रंगविलेल्या भित्तिचित्रांना ती लागू होत नाही. दोन, शिल्प 'कायमस्वरूपी' असावे लागते. विसर्जनासाठी घडविलेली उत्सवमूर्ती कलमाच्या या शब्दांत बसत नाही, आणि तिच्या मूर्तिकाराचा कर्ता म्हणून स्वतंत्र अधिकार असू शकतो. ज्यांच्या कर्त्याचा प्रताधिकार केव्हाच संपला आहे अशा प्राचीन लेण्या, मंदिरे व किल्ले यांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

अन्य देशांत नियम वेगळे आहेत. फ्रान्समध्ये २०१६ पासून दृश्यस्वातंत्र्य आहे, परंतु ते व्यक्तींनी केलेल्या अव्यापारी वापरापुरतेच. इटलीत सांस्कृतिक वारसा असलेल्या वास्तूंच्या प्रतिमांचा व्यापारी वापर करण्यासाठी संबंधित संस्थेची अनुमती लागते.

छायाचित्रणाची परवानगी

एखाद्या स्थळी छायाचित्र काढण्याची परवानगी आणि त्या छायाचित्राचा प्रताधिकार या भिन्न बाबी आहेत. ड्रोनने छायाचित्रण करताना ड्रोन नियम, २०२१ मधील लाल, पिवळ्या व हिरव्या क्षेत्रांची विभागणी पाळावी लागते. असे नियम मोडून काढलेल्या छायाचित्राच्या प्रवेशिका नियमावलीनुसार बाद होऊ शकतात.

मुक्त परवान्यांच्या स्पर्धा

विकी लव्ह्‌ज मॉन्युमेंट्स ही वारसास्थळांच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, २०११ मध्ये ती युरोपातील अनेक देशांत आणि २०१२ मध्ये जगभर पोहोचली. भारताचा सहभाग २०१२ पासून आहे. २०११ च्या स्पर्धेत १,६८,००० हून अधिक छायाचित्रे आली आणि सर्वांत मोठी छायाचित्रण स्पर्धा म्हणून तिची गिनेस विक्रमांत नोंद झाली. या स्पर्धेत छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या प्रकल्पावर मुक्त परवान्याखाली चढविली जातात.

क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची स्थापना २००१ मध्ये झाली व तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे सहा मुख्य परवाने आहेत. कर्त्याचे नाव देणे हे सहाही परवान्यांत बंधनकारक असून, त्यापुढे 'समान परवाना', 'अव्यापारी वापर' आणि 'बदलास मनाई' या अटींची विविध जोड असते. विकिमीडिया कॉमन्सवर शेवटच्या दोन अटी असलेले परवाने स्वीकारले जात नाहीत. त्यामुळे तेथे दिलेले छायाचित्र कोणीही, परवान्याच्या अटी पाळून, व्यापारी कामासाठीही वापरू शकतो.

मुक्त परवान्यात प्रताधिकार छायाचित्रकाराकडेच राहतो आणि कोणत्याही एका आयोजकाला विशेष लाभ मिळत नाही. परंतु हा परवाना अपरिवर्तनीय असतो. तो दिल्यानंतर त्याच छायाचित्राचा अनन्य परवाना एखाद्या दिनदर्शिकेच्या प्रकाशकाला देणे शक्य होत नाही. ज्या स्पर्धा केवळ अप्रकाशित छायाचित्रे स्वीकारतात, त्यांच्यासाठीही असे छायाचित्र अपात्र ठरते.

अन्य देशांतील कायदे

बर्न करार (१८८६) मान्य करणारे देश एकमेकांच्या नागरिकांच्या कृतींना आपल्या देशातील कृतींप्रमाणेच संरक्षण देतात. भारत या करारात सहभागी आहे. तथापि, परदेशी स्पर्धेच्या नियमावलीत 'या कराराला अमुक देशाचा कायदा लागू राहील' अशी अट असते आणि त्यानुसार परिणाम बदलतात.

* युनायटेड किंग्डम : १९८८ च्या कायद्यानुसार कर्ता लेखी स्वरूपात आपले नैतिक अधिकार सोडून देऊ शकतो. त्यामुळे तेथील नियमावल्यांत तशी अट घालता येते.
* अमेरिकेची संयुक्त संस्थाने : १९७८ पासून कर्त्याने केलेले हस्तांतर कायद्यातील कार्यपद्धती पाळून ३५ वर्षांनंतर रद्द करता येते. छायाचित्रांविषयीचे नैतिक अधिकार मात्र प्रदर्शनासाठी काढलेल्या, स्वाक्षरी केलेल्या व २०० पर्यंत मर्यादित असलेल्या प्रतींपुरतेच आहेत.
* जर्मनी : १९६५ च्या कायद्यानुसार कर्त्याचा अधिकार हयातीत पूर्णपणे हस्तांतरित करता येत नाही, केवळ वापराचे अधिकार देता येतात.

कर्तृत्वाची हमी व वाद

जवळजवळ प्रत्येक नियमावलीत छायाचित्र स्वतः काढलेले व नियमांनुसार असल्याची हमी घेतली जाते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळालेले लांडग्याचे छायाचित्र जानेवारी २०१० मध्ये बाद ठरविण्यात आले. तो लांडगा माणसाळलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. २०२३ मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्‌समध्ये खुल्या स्पर्धेच्या एका विभागात मिळालेले पारितोषिक नाकारले आणि आपली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केल्याचे जाहीर केले. अशा प्रतिमांचा 'कर्ता' कोण, हा प्रश्न पुढे आल्याने अनेक आयोजकांनी मूळ कच्ची संचिका सादर करण्याची अट घातली आहे.

टीका व सुधारणेचे प्रयत्न

सर्व प्रवेशिकांवर विस्तृत हक्क घेणाऱ्या अटींवर छायाचित्रकारांच्या संघटनांनी टीका केली आहे. एरवी मोबदला देऊन मिळवावी लागणारी शेकडो छायाचित्रे काही पारितोषिकांच्या खर्चात आयोजकाच्या संग्रहात जमा होतात आणि त्यामुळे व्यावसायिकांच्या उपजीविकेवर परिणाम होतो, हा या टीकेतील प्रमुख मुद्दा आहे. प्रवेशशुल्क घेणाऱ्या स्पर्धांबाबत हा आक्षेप अधिक तीव्र असतो, कारण तेथे स्पर्धक हक्क व पैसे दोन्ही देतो. ब्रिटनमधील प्रो-इमेजिंग या छायाचित्रकारांच्या संघटनेने स्पर्धांसाठी हक्कांची सनद तयार केली. प्रताधिकार छायाचित्रकाराकडेच राहावा, वापर स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरता मर्यादित असावा, प्रत्येक वापरात नाव द्यावे आणि नैतिक अधिकार सोडण्याची सक्ती नसावी, ही तिची मुख्य सूत्रे आहेत.

आयोजकांची बाजूही मांडली जाते. प्रदर्शन, पुस्तिका, समाजमाध्यमे व वृत्तपत्रीय प्रसिद्धी यांसाठी काही अनुमती आवश्यकच असते. ती आधी घेतली नाही, तर प्रत्येक वापरासाठी स्वतंत्र पत्रव्यवहार करावा लागतो. पुष्कळ वेळा विस्तृत अट ही हेतुपुरस्सर नसून दुसऱ्या स्पर्धेच्या नियमावलीची नक्कल असते. अशा प्रसंगी स्पर्धकाने लेखी विचारणा केल्यास अट शिथिल केली जाऊ शकते.

प्रवेशिकेपूर्वी तपासण्याच्या बाबी

* प्रताधिकार छायाचित्रकाराकडे राहील, असे स्पष्ट म्हटले आहे काय.
* परवाना सर्व प्रवेशिकांना लागू आहे की केवळ विजेत्या व प्रदर्शित छायाचित्रांना.
* परवाना अनन्य आहे की नाही, त्याची मुदत व प्रदेश कोणता.
* वापर स्पर्धेपुरता आहे की आयोजक व प्रायोजक यांच्या जाहिरातींसाठीही आहे.
* उपपरवाना, बदल व कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण यांविषयी काय म्हटले आहे.
* छायाचित्रकाराचे नाव देण्याचे बंधन आहे काय.
* हमी व क्षतिपूर्ती यांची व्याप्ती किती आहे.
* नियम पुढे एकतर्फी बदलण्याचा अधिकार आयोजकाने राखून ठेवला आहे काय.
* कोणता कायदा व कोणते न्यायालय लागू आहे.

दाखल करण्याच्या दिवशीच्या नियमावलीची दिनांकासह प्रत जतन केल्यास पुढे नियम बदलले, तरी मूळ अटी दाखविता येतात.

अधिकारभंग झाल्यास उपाय

अनुमतीपलीकडे वापर झाल्यास कलम ५५ नुसार मनाईहुकूम, नुकसानभरपाई व नफ्याचा हिशेब मागता येतो. कलम ६२ नुसार हा दावा छायाचित्रकार स्वतः जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयातही दाखल करता येतो. जाणीवपूर्वक केलेला भंग हा कलम ६३ नुसार गुन्हा असून त्यास साधारणतः ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. छायाचित्रातील हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढून टाकणे वा बदलणे हा कलम ६५ब नुसार स्वतंत्र गुन्हा आहे.

आंतरजालावरील मध्यस्थ सेवेला लेखी तक्रार दिल्यास, तक्रारीबाबत समाधान झाल्यावर तिला ३६ तासांच्या आत संबंधित सामग्री रोखावी लागते. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर न केल्यास ती पुन्हा खुली करता येते. पुरावा म्हणून मूळ कच्ची संचिका, त्याच प्रसंगाची आधीची व नंतरची छायाचित्रे, संचिकेतील दिनांक व कॅमेऱ्याच्या नोंदी, तसेच आयोजकाशी झालेला पत्रव्यवहार उपयोगी पडतो.

हेही पाहा

* प्रताधिकार
* प्रताधिकार अधिनियम, १९५७
* क्रिएटिव्ह कॉमन्स
* दृश्यस्वातंत्र्य
* विकी लव्ह्‌ज मॉन्युमेंट्स
* छायाचित्रण